हक्क कोणाच्या हाती : सॉल झॅन्ट्स यांची कारकीर्द

सॉल झॅन्ट्स (१९२१–२०१४) हे अमेरिकेतील फॅन्टसी रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचे प्रमुख आणि ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’, ‘अमेडियस’ व ‘द इंग्लिश पेशंट’ या तीन चित्रपटांचे निर्माते होते. या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. संगीताच्या इतिहासात मात्र झॅन्ट्स यांचे नाव बहुधा एका भांडणाच्या संदर्भात निघते. ज्या गायकाच्या गाण्यांवर कंपनी उभी राहिली, त्यालाच वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणारा मालक, अशी ती ख्याती आहे. चित्रपटवाले हेच नाव आदराने घेतात. स्वतःचा पैसा लावणारा, दिग्दर्शकाच्या कामात ढवळाढवळ न करणारा आणि मोठ्या स्टुडिओंनी नाकारलेल्या विषयांमागे उभा राहणारा निर्माता म्हणून त्यांचा दाखला दिला जातो.

या दोन प्रतिमांचा मेळ घालताना झॅन्ट्स दुटप्पी होते, असे म्हणून सुटका करून घेता येते. काही जण काळाचा आधार घेतात : तरुणपणीचा व्यापारी उतारवयात कलेचा आश्रयदाता झाला. दोन्ही स्पष्टीकरणे तारखांपुढे टिकत नाहीत, कारण खटले आणि ऑस्कर एकाच दशकात, एकाच इमारतीतून निघाले. झॅन्ट्स यांच्या वागण्यातला फरक त्यांनी केलेल्या करारांमधून अधिक चांगला कळतो. जिथे हक्क कायमचे हातात होते तिथे ते ताठर राहिले. जिथे प्रत्येक कामासाठी समोरच्याला नव्याने राजी करावे लागे तिथे ते उदार झाले. आणि जिथे ते स्वतः दुबळ्या बाजूला होते, तिथे त्यांनी नेमकी तीच तक्रार केली जी त्यांच्याविरुद्ध आयुष्यभर होत आली.

झॅन्ट्स यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९२१ रोजी न्यू जर्सीतील पसेइक या गावी झाला. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात नोकरी झाली, परतल्यावर रटगर्स विद्यापीठात कुक्कुटपालनाचे शिक्षण झाले. त्या विद्येचा पुढे काडीचाही उपयोग झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोला येऊन ते ध्वनिमुद्रिकांच्या वितरणाच्या धंद्यात शिरले आणि जॅझचे नामवंत आयोजक नॉर्मन ग्रान्झ यांच्यासाठी ड्यूक एलिंग्टन, स्टॅन गेट्झ यांसारख्या कलावंतांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहू लागले. रस्त्यावरच्या या कामात त्यांनी धंद्याची दोन्ही टोके पाहिली : वाद्य वाजवणारा माणूस आणि दुकानात तबकडी विकणारा माणूस. मधली साखळी किती लांब असते आणि तिच्यात पैसा कुठे कुठे मुरतो, याचे शिक्षण त्यांना तिथे मिळाले असणार.

१९५५ मध्ये ते फॅन्टसी रेकॉर्ड्समध्ये विक्रेता म्हणून रुजू झाले. ही कंपनी मॅक्स व सॉल वाइस या भावांनी १९४९ मध्ये काढली होती. मुळात त्यांचा तबकड्या छापण्याचा कारखाना होता. संगीत हे त्या यंत्रांना काम पुरवण्याचे साधन. लाल-निळ्या रंगांच्या तबकड्या ही त्यांची खूण. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक हा फॅन्टसीचा पहिला मोठा कलावंत. आपण कंपनीचे अर्धे मालक आहोत अशी ब्रुबेक यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यांचा वाटा फक्त त्यांनी स्वतः केलेल्या मुद्रणांपुरता असल्याचे उघड झाले आणि ते कोलंबिया कंपनीकडे निघून गेले. ही गोष्ट झॅन्ट्स यांच्या आधीची आहे आणि म्हणूनच महत्त्वाची आहे. फॅन्टसीचे करार झॅन्ट्स यांच्या हाती आले तेव्हाच ते तसे होते. तो त्या काळच्या साऱ्या धंद्याचा शिरस्ता होता.

या शिरस्त्यात एका गाण्यातून तीन वेगळे हक्क निघत. गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा कॉपीराइट हा पहिला. तो बहुधा कंपनीच्याच प्रकाशन शाखेकडे लिहून दिला जाई. स्टुडिओत केलेल्या मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी हा दुसरा. ती थेट कंपनीची. तिसरा म्हणजे प्रत्येक विक्रीमागे कलावंताला मिळणारी रॉयल्टी. ती थोडी असे आणि मुद्रणाचा खर्च वळता करून घेतल्यानंतर सुरू होई. कंपनीची बाजूही पोकळ नव्हती. दहा तबकड्या काढाव्यात तेव्हा एखादी चालते आणि तीच बाकीच्यांचे नुकसान भरून काढते, हा तिचा युक्तिवाद होता आणि तो बराचसा खराही होता. खोट पुढे आहे. धोका एकदाच, काही महिन्यांपुरता घेतला जातो. मालकी मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहते.

१९६७ मध्ये झॅन्ट्स यांनी काही भागीदारांसह फॅन्टसी विकत घेतली. कंपनीकडे तेव्हा विन्स ग्वाराल्दी यांची ‘चार्ली ब्राउन’ मालिकेची मुद्रणे होती, विनोदवीर लेनी ब्रूस यांच्या तबकड्या होत्या. शिवाय १९६४ पासून करारबद्ध असलेला आणि तोवर फारसा न चाललेला एक रॉक गट होता. एल सेरिटो या गावातले ते शाळूसोबती : जॉन व टॉम फॉगर्टी हे भाऊ, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड. जुन्या मालकांनी त्यांच्यावर ‘गॉलिवॉग्ज’ हे नाव लादले होते. ते त्यांनी टाकून दिले आणि ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ हे नाव घेतले. १९६८ च्या सुरुवातीला झॅन्ट्स यांच्याशी नवा करार झाला.

त्यानंतरचे यश कुणाच्याही हिशेबात बसणारे नव्हते. एकट्या १९६९ मध्ये या गटाने तीन अल्बम काढले. ‘प्राउड मेरी’, ‘बॅड मून रायझिंग’, ‘फॉर्च्युनेट सन’ ही गाणी त्याच वर्षातली. अमेरिकेच्या विक्रीयादीत त्यांच्या पाच तबकड्या दुसऱ्या क्रमांकावर पोहोचल्या आणि पहिल्यावर एकही नाही, ही त्या यादीच्या इतिहासातली एक गंमत आहे. जवळजवळ सगळी गाणी जॉन फॉगर्टी यांनी लिहिलेली, त्यांनीच गायलेली, त्यांनीच मुद्रित करवून घेतलेली. गाण्यांचे कॉपीराइट मात्र फॅन्टसीच्या जोंडोरा म्युझिक या शाखेकडे आणि मुद्रणांची मालकी फॅन्टसीकडे. करारात गटाने ठरावीक संख्येने नवी गाणी देण्याची अट होती आणि राहिलेली संख्या पुढच्या हिशेबात चढत जाई. यशाबरोबर करार सुधारून मिळेल असे आश्वासन होते, असे फॉगर्टी सतत सांगत आले. तो सुधारला नाही.

झॅन्ट्स यांच्या टीकाकारांचे म्हणणे इथे वजनदार ठरते. कायद्याने करार बदलण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, पण मनाईही नव्हती. लोकप्रियता वाढली की कलावंताला चांगल्या अटी द्याव्यात, म्हणजे तो टिकतो, हे धंद्यातले साधे शहाणपण तेव्हाही होते. झॅन्ट्स यांनी ते वापरले नाही, याचे कारण करारातच आहे. गाणी आधीच मालकीची झालेली होती आणि गायकाला दुसरीकडे जाता येत नव्हते. त्याला खूश ठेवण्याची गरज कुठल्याच कलमातून निर्माण होत नव्हती.

१९७२ मध्ये गट फुटला. देणे लागणारी गाणी जॉन फॉगर्टी यांच्या एकट्याच्या डोक्यावर राहिली. डेव्हिड गेफन यांच्या असायलम कंपनीने त्यांना अमेरिकेपुरते सोडवले, परदेशातले हक्क फॅन्टसीकडेच राहिले. त्यातच कर वाचवण्यासाठी गटाची बचत बहामा बेटांवरच्या कॅसल बँकेत ठेवली गेली होती. ती बँक १९७७ मध्ये बुडाली आणि वादकांचे पैसे गेले. या व्यवहाराचे दायित्व कोणाचे, यावरून खटले झाले. शेवटी १९८० च्या सुमारास फॅन्टसीच्या जोखडातून पुरते सुटण्यासाठी फॉगर्टी यांनी क्रीडन्सच्या मुद्रणांवरची आपली रॉयल्टीच सोडून दिली. आपल्या सर्वांत गाजलेल्या कामातून शून्य कमाई, ही त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत होती. पुढे कित्येक वर्षे त्यांनी ती गाणी रंगमंचावर गायलीच नाहीत. १९८७ मध्ये बॉब डिलन यांनी त्यांना सुनावले की, तू गायला नाहीस तर लोक ‘प्राउड मेरी’ टीना टर्नरचेच समजतील. तेव्हा कुठे ते पुन्हा गायले.

१९८५ मध्ये फॉगर्टी वॉर्नर कंपनीच्या ‘सेंटरफील्ड’ या अल्बमसह परतले. त्यात लोभी माणसावर एक गाणे होते. आणखी एक गाणे नाचता न येणाऱ्या, पण पैसे चोरणाऱ्या डुकरावर होते आणि डुकराचे नाव उघडपणे ‘झॅन्झ’ होते. आक्षेप येताच ते ‘व्हॅन्झ’ करण्यात आले, पण तोवर व्हायचे ते झाले होते. झॅन्ट्स यांनी १४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा बदनामीचा दावा ठोकला. तो पुढे तडजोडीने मिटला.

दुसरा दावा अधिक विलक्षण होता. नव्या अल्बममधले ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणे फॉगर्टी यांनीच १९७० मध्ये लिहिलेल्या ‘रन थ्रू द जंगल’ या गाण्याची नक्कल आहे, असे फॅन्टसीचे म्हणणे होते. जुन्या गाण्याचा कॉपीराइट कंपनीकडे होता, त्यामुळे कायद्याच्या भाषेत एक माणूस स्वतःचीच चोरी केल्याबद्दल आरोपी झाला. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात फॉगर्टी गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसले आणि आपण गाणे कसे रचतो हे ज्युरीला वाजवून दाखवले. दोन्ही चालींत त्यांची ढब एकच होती, ती लपणे शक्यही नव्हते. पण ढबीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

फॉगर्टी यांनी वकिलांचा खर्च मागितला तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्या न्यायालयाच्या रूढीप्रमाणे कॉपीराइटधारक जिंकला की त्याला खर्च सहसा मिळे. प्रतिवादी जिंकला तर मात्र समोरचा दावा वाईट हेतूने किंवा उगाच लावलेला होता हे त्याला सिद्ध करावे लागे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९९४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालात दोन्ही बाजूंना एकच माप लावायचे ठरले. कॉपीराइटचा हेतू केवळ मालकाचे रक्षण हा नाही. त्या हक्काची हद्द कुठे संपते हे स्पष्ट होण्यातही समाजाचे हित आहे, हा त्यामागचा विचार. पुढे फॉगर्टी यांना १३ लाख ४७ हजार डॉलरहून थोडी अधिक रक्कम मंजूर झाली. ‘फॉगर्टी विरुद्ध फॅन्टसी’ हा निकाल आज कॉपीराइटच्या पाठ्यपुस्तकांत असतो. झॅन्ट्स यांनी कायद्याला दिलेली ही देणगी त्यांच्या इच्छेविरुद्धची होती, एवढेच.

आता दुसरी बाजू. क्रीडन्सच्या कमाईतून फॅन्टसीने बर्कलीत दहाव्या रस्त्यावर स्वतःची इमारत आणि स्टुडिओ उभारले आणि जॅझच्या जुन्या कंपन्या एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली : प्रेस्टिज, रिव्हरसाइड, पुढे कन्टेम्पररी आणि ग्रान्झ यांची पाब्लो. चार्ल्स मिंगस यांच्या डेब्यू कंपनीची मुद्रणेही फॅन्टसीकडे आली. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक, सनी रोलिन्स, बिल एव्हान्स यांच्या उमेदीच्या काळातले काम या संग्रहात होते. १९८० च्या दशकात ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतून ते मूळ मुखपृष्ठांसह आणि स्वस्तात पुन्हा बाजारात आले. ज्या पिढीने पन्नाशीच्या दशकातले जॅझ कधी ऐकलेच नव्हते, तिला ते या मालिकेमुळे मिळाले. मालकी एका हाती एकवटल्याशिवाय हे झाले नसते, हेही मान्य करायला हवे. १९७७ मध्ये फॅन्टसीने मेम्फिसच्या दिवाळखोर झालेल्या स्टॅक्स कंपनीची मुद्रणे घेतली, तीही फक्त १९६८ नंतरची. आधीची सारी मुद्रणे न वाचता सही केलेल्या एका कराराने अटलांटिक कंपनीच्या घशात गेली होती. त्या काळात कागद न वाचणारे केवळ गायकच नव्हते.

गाण्याचे हक्क कोणाकडे राहावेत, हा प्रश्न भारतातही वेगळ्या वाटेने आला. १९७७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीत-संगीताचा हक्क निर्मात्याचा मानला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून दिला तरी सुटत नाही, अशी तरतूद आली. अमेरिकेच्या कायद्याने वेगळा उपाय काढला होता : ठरावीक वर्षांनी लेखकाला आपले हक्क परत मागता येतात. जुन्या गाण्यांसाठी ही मुदत ५६ वर्षांची आहे.

चित्रपटाकडे झॅन्ट्स वळले ते फॅन्टसीच्याच पैशावर. एका कंट्री संगीत गायकाच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘पेडे’ (१९७३) हा पहिला प्रयत्न. रिप टॉर्न यांची त्यातली भूमिका जाणकारांनी वाखाणली, धंदा मात्र बेताचा झाला. मग आले केन केसी यांच्या कादंबरीवरचे ‘कुकूज नेस्ट’. कादंबरीचे हक्क १९६२ पासून अभिनेते कर्क डग्लस यांच्याकडे होते. त्यांनी ब्रॉडवेवर नाटक करून पाहिले, पण चित्रपटाला कोणी हात लावेना. शेवटी त्यांनी ते मुलाकडे, मायकेल डग्लस यांच्याकडे सोपवले आणि झॅन्ट्स यांनी पैसा उभा केला. दिग्दर्शक मिलोश फोरमन चेकोस्लोव्हाकियातून आलेले निर्वासित. चित्रीकरण सालेममधल्या ओरेगॉन राज्य मनोरुग्णालयात, खऱ्या रुग्णांच्या सोबतीने झाले. सुमारे ४० लाख डॉलरच्या या चित्रपटाने १० कोटींहून अधिक कमावले आणि चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका व पटकथा असे पाचही मुख्य ऑस्कर नेले. याआधी हे केवळ १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ला साधले होते.

फोरमन यांनी झॅन्ट्स यांच्याबरोबर पुढे आणखी दोन चित्रपट केले. ज्याच्यावर गायक गाणी रचून सूड उगवतो, त्याच निर्मात्याकडे दिग्दर्शक परत परत येतो, ही गोष्ट चित्रपटाच्या अर्थकारणाकडे बोट दाखवते. दिग्दर्शक एका चित्रपटापुरता बांधलेला असतो. पुढच्या वेळी तो आला नाही तर निर्मात्याकडे मागचा चित्रपट उरतो, पुढचा नाही. फोरमन किंवा ‘द इंग्लिश पेशंट’चे दिग्दर्शक अँथनी मिंघेला यांच्यासारख्या माणसाची किंमत त्याच्या भावी कामात असते आणि ते काम दुसरा कोणी करू शकत नाही. म्हणून झॅन्ट्स त्यांना मोकळीक देत, स्टुडिओंशी भांडत, चित्रीकरणाच्या ठिकाणी स्वतः हजर राहत. हा त्यांचा खरा गुण होता आणि तो वाढला तो सौद्याच्या या रचनेत.

याचा पडताळा ‘कुकूज नेस्ट’मध्येच आहे. केसी यांनी हक्क कधीच विकून टाकले होते. त्यांनी झॅन्ट्स यांच्यासाठी एक पटकथा लिहिली, ती स्वीकारली गेली नाही. त्यांच्या कादंबरीचा निवेदक चीफ ब्रॉमडेन होता, तो चित्रपटात बाजूला पडला. केसी यांनी निर्मात्यांवर दावा लावला, तडजोड झाली आणि ते तो चित्रपट कधीच न पाहण्याच्या हट्टावर राहिले. एकाच चित्रपटात दिग्दर्शक तृप्त आणि लेखक दुखावलेला. झॅन्ट्स दोघांशीही तेच होते. फोरमन यांना अजून काही द्यायचे होते, केसी देऊन बसले होते.

‘अमेडियस’ (१९८४) हा झॅन्ट्स यांच्या दोन आयुष्यांचा संगम. पीटर शॅफर यांचे नाटक पाहून फोरमन यांना तो सुचला. दोन्ही मुख्य भूमिकांत एफ. मरे अब्राहम आणि टॉम हल्स हे तेव्हा फारसे परिचित नसलेले नट, विषय अठराव्या शतकातला संगीतकार. कुठलाही स्टुडिओ घाबरेल असे हे समीकरण. चित्रीकरण साम्यवादी राजवटीतल्या प्रागमध्ये, मोझार्ट यांच्या ‘डॉन जोव्हानी’चा पहिला प्रयोग १७८७ मध्ये जिथे झाला त्या टिल नाट्यगृहातसुद्धा झाले. संगीतसंचालक नेव्हिल मॅरिनर यांची अट होती की मोझार्ट यांचा एकही स्वर बदलायचा नाही. ध्वनीवर झॅन्ट्स यांच्या बर्कलीतल्या केंद्रात काम झाले, तबकडी फॅन्टसीने काढली आणि ती अभिजात संगीताच्या मानाने अफाट खपली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. ज्या वर्षी ‘अमेडियस’ला ऑस्कर मिळाले, त्याच वर्षी फॉगर्टी यांच्यावरचे दावे दाखल झाले. दोनशे वर्षांपूर्वीच्या संगीतकारावर एक चित्रपट, जिवंत संगीतकारावर दोन दावे. मोझार्ट यांच्या चालींवर कोणाचा कॉपीराइट उरलेला नव्हता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतरचे ‘द मॉस्किटो कोस्ट’ (१९८६), मिलान कुंडेरा यांच्या कादंबरीवरचा ‘द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग’ (१९८८) आणि ॲमेझॉनच्या जंगलातला ‘ॲट प्ले इन द फील्ड्स ऑफ द लॉर्ड’ (१९९१) हे चित्रपट कमी-अधिक मोलाचे. शेवटचा तर सपशेल आपटला. झॅन्ट्स यांनी इनमिन दहा-बारा चित्रपट केले, बहुतेक साहित्यकृतींवरचे. एवढ्या थोड्या कामावर इतका मोठा लौकिक फार कमी निर्मात्यांच्या वाट्याला आला असेल.

‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) ही त्यांच्या चिकाटीची कळसाची वेळ. मायकेल ओन्डाटजी यांची कादंबरी चित्रपटाला सोयीची नव्हतीच : चार माणसे, मागेपुढे उड्या मारणारा काळ, जळालेला नायक. त्यातला शीख सुरुंगतज्ज्ञ किप याची भूमिका नवीन अँड्र्यूज यांनी केली. मिंघेला यांना नायिका म्हणून क्रिस्टिन स्कॉट थॉमस हव्या होत्या, फॉक्स स्टुडिओला अधिक प्रसिद्ध नाव हवे होते. दिग्दर्शक आणि निर्माता हटले नाहीत. चित्रीकरण तोंडावर आले असताना फॉक्सने अंग काढून घेतले. अनेकांनी मानधनाचा काही भाग नंतर घेण्याचे कबूल केले आणि मिरामॅक्सने पैसे घातले, तेव्हा काम मार्गी लागले. नऊ ऑस्कर मिळाली. त्याच समारंभात झॅन्ट्स यांना निर्मात्यांसाठीचा अर्विंग थॅलबर्ग पुरस्कारही देण्यात आला.

त्यांची सर्वांत फायद्याची खरेदी मात्र यांपैकी कुठलीच नव्हती. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९६९ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चित्रपटहक्क युनायटेड आर्टिस्ट्सला विकले होते. ते १९७६ मध्ये झॅन्ट्स यांनी घेतले. राल्फ बाक्शी यांच्याकडून १९७८ मध्ये त्यांनी एक सचेतपट करून घेतला, त्यात निम्मीच कथा आली आणि दुसरा भाग कधी निघाला नाही. हक्क मात्र राहिले : चित्रपट, रंगभूमी, खेळणी, खेळ, नावे. ‘द इंग्लिश पेशंट’मुळे मिरामॅक्सशी जुळलेल्या संबंधांतून ते हक्क दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या कामी आले आणि तिथून न्यू लाइन या चित्रपट कंपनीकडे गेले. जॅक्सन यांच्या तीन चित्रपटांनी मिळून जगभरात ३०० कोटी डॉलरच्या जवळपास धंदा केला. टोरांटोत २००६ मध्ये आणि लंडनमध्ये २००७ मध्ये झालेल्या या कथेच्या संगीत नाटकात झॅन्ट्स यांचा निर्माता म्हणून सहभाग होता. त्याचे संगीत फिनलंडच्या व्हार्टिना गटाबरोबर ए. आर. रहमान यांनी केले होते.

२००४ मध्ये झॅन्ट्स यांनी न्यू लाइनवर २ कोटी डॉलरचा दावा लावला. आपला वाटा ढोबळ उत्पन्नावर मोजायला हवा होता, कंपनीने खर्च वजा करून मोजला, हा त्यांचा आक्षेप. पुढच्या वर्षी तडजोड झाली. २००६ मध्ये ‘द इंग्लिश पेशंट’च्या नफ्यावरून त्यांनी मिरामॅक्सलाही कोर्टात ओढले. हिशेब मालकाच्या ताब्यात, वाटेकऱ्याला फक्त आकडा कळतो आणि तो मान्य करावा लागतो. क्रीडन्सच्या वादकांचे गाऱ्हाणे याहून वेगळे नव्हते. वयाच्या ८५व्या वर्षी झॅन्ट्स त्यांच्या जागी उभे होते. फरक एवढाच की लढायला त्यांच्याजवळ पैसा होता, आणि त्यातला बराच फॉगर्टी यांच्या गाण्यांनी मिळवून दिलेला होता.

पुढे हक्कांच्या राखणीचे दुसरे टोकही गाठले गेले. २०१२ मध्ये झॅन्ट्स यांच्या कंपनीने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथल्या ‘हॉबिट’ नावाच्या एका जुन्या पबला नोटीस पाठवली. लोक खवळले, स्टीफन फ्राय आणि इअन मॅकेलन या नटांनी परवान्याचे पैसे आपण भरू म्हणून सांगितले. त्याच वर्षी टॉल्किन यांच्या वारसांनी वॉर्नर आणि झॅन्ट्स यांच्या कंपनीवर ८ कोटी डॉलरचा दावा केला : खेळण्यांचे हक्क दिले होते, ऑनलाइन जुगाराचे नव्हते. तो वाद मिटायला २०१७ साल उजाडले. तोवर झॅन्ट्स नव्हते. ३ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, अल्झायमरच्या आजारात त्यांचे निधन झाले.

फॅन्टसी रेकॉर्ड्स २००४ मध्येच कॉन्कर्ड या कंपनीला विकली गेली होती. नव्या मालकांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे फॉगर्टी यांची क्रीडन्सवरची रॉयल्टी पुन्हा सुरू करणे. कुठल्याही कायद्याने ते सांगितले नव्हते. गायक खूश असेल तर जुना संग्रह अधिक विकला जातो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. फॉगर्टी फॅन्टसीकडे परतले आणि २००७ मध्ये तिथूनच ‘रिव्हायव्हल’ हा अल्बम निघाला. जो निर्णय १९७० मध्ये घेता आला असता तो ३४ वर्षांनी, दुसऱ्या कोणी घेतला. करारांनी झॅन्ट्स यांचे वागणे घडवले हे खरे असले, तरी तोच करार वारशात मिळालेल्या माणसाने वेगळे वागून दाखवले, म्हणून त्यांची सगळी जबाबदारी शिरस्त्यावर ढकलता येत नाही.

बर्कलीतले स्टुडिओ २०१८ मध्ये बंद झाले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे हक्क सांभाळणारी मिडल-अर्थ एन्टरप्रायझेस २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर गटाने विकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये, ५६ वर्षांची मुदत अगदी जवळ आलेली असताना, जॉन फॉगर्टी यांनी आपल्या क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला बहुसंख्य वाटा कॉन्कर्डकडून विकत घेतला. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी कॉन्कर्डकडेच राहिली.